सात अंश

सरळ अक्षर साक्षीदारासारखं उभं राहतं, नेव्हिओ म्हणायचा,
तिरपं अक्षर मात्र
जवळ येऊन कानात सांगतं.
एवढं बोलून चष्मा कपाळावर चढवायचा
आणि खिळ्यांच्या खणात न बघता हात घालायचा.

त्रिएस्तेच्या बंदरामागे,
दोरांचं दुकान आणि न्हावी यांच्यामधे आमचा छापखाना.
बोरा सुटला की चढावर दोर बांधलेले असत;
ते धरून माणसं चालायची,
टोप्या दाबून, सगळी एकाच बाजूला कललेली.
काचेवर नख वाजवून तो दाखवायचा :
बघ, आपली ओळ चाललीय.

मी तेव्हा सोळा वर्षांची. मला वाटायचं,
सरळ अक्षराला ढकललं की तिरपं होतं.
नाही. ढकललं की ते पडतं.
हा टाइप मुळातच घाईत जन्मला होता,
बोरू न उचलता लिहिणाऱ्या कुणाच्या तरी मनगटातून.
सरळ ‘आ’ला वर मजला असतो, याचा ‘आ’ बैठा,
एका फटक्यात वळून पूर्ण.
पायाशी पट्टी नाही, फक्त जाता जाता
उंबऱ्याला टाच घासावी तशी बारीक चुणूक.
कल सात अंशांचा. मी मोजला.
नेव्हिओ म्हणाला, मोजलास? आता विसर.

आणि ‘एफ्फे’!
वरून पुढच्या अक्षरावर ओणवा, खालून मागच्याच्या पायात.
शेपूट शिशाबाहेर लोंबतं, आधाराशिवाय,
म्हणून दाब जरा जास्त झाला की तुटतं.
आमच्याकडे एकतीस होते. नंतर एकोणीस.

काय काय छापलं त्यात :
औषधवाल्याच्या बरण्यांवरची लॅटिन नावं,
नाटकाच्या पुस्तिकेत पात्रं कुठे रडतात ते,
एका दारूचं लेबल, जिच्यापेक्षा लेबलच बरं होतं,
आणि जहाजांची नावं. जहाजाचं नाव तिरपंच, हा नियम.
का, विचारलं तर म्हणे,
जहाज कधी सरळ उभं पाहिलंयस?

दुसरा नियम : परकी भाषा तिरपी.

फेब्रुवारीत क्रिझहून याद्रान्का कोशूता आली,
हातांना जाळ्याच्या मिठाचे चरे.
नवरा गेला होता. भिंतींवर लावायचं पत्रक हवं होतं,
वर इटालियन, खाली तिच्या भाषेत दोन ओळी.
नेव्हिओनं नियमानं जुळवलं, कच्ची प्रत दिली.
तिनं ती उजेडात धरली, मग बोट ठेवलं :

या का वाकल्यात?

परक्या शब्दांना असंच असतं, तो म्हणाला.

ती म्हणाली, द्रागो याच गावात जन्मला,
त्याचा बाप, बापाचा बाप.
वाकवायचंच असेल तर वरचं वाकवा.

छापखान्यात शाईचा रूळ थांबला.
न्हाव्याच्या कात्रीचा आवाज भिंतीतून येत होता.
नेव्हिओ काही बोलला नाही.
चिमटा घेतला, दोन्ही ओळी मोडल्या,
खिळा खिळा खणात परत, टक, टक,
आणि पुन्हा जुळवल्या, सरळ.
त्यांच्या डोक्यावरची चिमुकली उलटी छपरं
शेजारच्या कारखान्यातून उसनी आणली मी, पळत जाऊन.

एकच शब्द तिरपा राहिला, शेवटी, द्रागोच्या होडीचा :
बुर्या.
म्हणजे काय, मी विचारलं.
वारा, ती म्हणाली. तुम्ही बोरा म्हणता तोच.

पत्रक न्हाव्याच्या दाराशेजारीही लागलं.
एक कोपरा सुटून दोन दिवस फडफडत होता,
लोक दोर धरून वाकून वाचत होते.

आता एक कळ दाबली की कुठलंही अक्षर पडतं,
त्याला तिरपं म्हणतात. म्हणोत.
खण मी ठेवलाय. ‘एफ्फे’ चार उरलेत.
परक्या भाषेचं काम आलं
की मी आधी गिऱ्हाइकाला विचारते :
कुणाला परकी?